पाणी बघून गळ टाका : खाडीतल्या मासेमारीचे प्रश्न

कोकणातल्या खाड्यांत स्थानिक होडीवाल्याला गाइड म्हणून घेऊन गळाने मासे धरायला जाण्याबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. माशांची नावं तालुक्यागणिक बदलतात, तेव्हा एकदाच सांगून ठेवतो : रायगडचा जिताडा म्हणजे गोव्यातला चणक, काही ठिकाणी खजुरा. तांबोशी, तांबोसा एकच. शिंगाळा म्हणजे मिशांचा आणि काट्यांचा तो मासा, ज्याच्यामुळे निम्म्या सहली दवाखान्यात संपतात.

आम्ही तिघे मित्र दोन दिवसांसाठी मालवण-देवगडकडे येणार आहोत. आम्हाला शनिवार-रविवारच जमतो. होडीवाला म्हणतो, ‘या शनिवारी नको, पाणी बरोबर नाही.’ तो आम्हाला टाळतोय का? (पुणे)

टाळत नाही, तुमचे पैसे वाचवतोय. त्याचा नंबर जपून ठेवा.

खाडीतला शिकारी मासा पाणी हलतं तेव्हा खातो. भरती पुरी भरली की पाणी तिवरांच्या बुडख्यांत शिरतं. कोळंबी, बारकी बोय, कुर्ल्यांची पिल्लं आत जातात आणि त्यांच्यामागून जिताडा-तांबोशीही मुळांच्या जाळीत शिरतात. तिथे गळ पोचत नाही, पोचला तर परत येत नाही. ओहोटी लागली की हेच पाणी लहान लहान व्हाळांतून मुख्य पात्रात उतरतं आणि सगळं खाद्य सोबत घेऊन येतं. मोठा मासा व्हाळाच्या तोंडाशी, ओढीच्या कडेच्या जरा शांत पाण्यात, उभा राहून वाट बघतो. म्हणून ओहोटीचे शेवटचे दोन तास आणि भरती लागल्यानंतरचा पहिला दीड तास, हे साडेतीन तास सहलीचा गाभा. बाकीचा वेळ जेवणाला आणि फोटोंना.

हे साडेतीन तास कधी येतात ते पंचांगावरून काढता येतं. तिथीला तीनने गुणा, चाराने भागा; येईल तो मुंबईकडच्या भरतीचा साधारण तास. चतुर्थी असेल तर ४ × ३ = १२, भागिले ४ म्हणजे ३. पहाटे तीनला आणि दुपारी साडेतीनच्या आत-बाहेर भरती. शुद्ध असो वा वद्य, मोजणी प्रतिपदेपासून. मालवण-गोव्याकडे हीच भरती साधारण तासभर आधी येते. भरती आणि ओहोटी यांत सव्वासहा तास धरा. म्हणजे चतुर्थीला मालवणात सव्वाआठ-साडेआठला पाणी तळाला. पहाटे सहाला होडीत बसलात की दहापर्यंत सगळा गाभा मिळाला, तोही ऊन चढण्याआधी आणि खारे वारे सुटण्याआधी.

आता अष्टमी घ्या. मालवणात पहाटे पाचला भरती, सुकती म्हणजे ओहोटीचा तळ सव्वाअकराला. शिवाय अष्टमी-नवमी म्हणजे भांग : पाण्याचा चढउतार कमी, ओढ मेलेली. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मालवणात अकराच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळ वाया. दुपारी साडेतीन ते सूर्यास्त चालतो, पण उधाणाचं पाणी चिखल ढवळून गढूळ होतं आणि मधल्या तासांत इतकं धावतं की ४० ग्रॅमचं शिसंही तळाला टिकत नाही. मोकळं सांगायचं तर सकाळच्या सहलीला तृतीया ते षष्ठी आणि संध्याकाळच्या सहलीला त्रयोदशी ते प्रतिपदा. तुमचा शनिवार नवमी-दशमीला पडत असेल तर होडीवाल्याचं ऐका.

ओढ किती असेल त्याचाही एक हिशेब आहे. सहा तासांत पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, मग दोन, तीन, तीन, दोन, एक. चढउतार २.४ मीटरचा असेल तर २०, ४०, ६०, ६०, ४०, २० सेंटिमीटर. उधाणाला मधले दोन तास सोडून द्यायचे आणि भांगाला नेमके तेच दोन तास धरायचे. हा उलटा नियम पुष्कळांना माहीत नसतो आणि भांगाच्या दिवशी सुकतीची वाट बघत बसतात.

दोन सावधगिऱ्या. तिथीचा हिशेब अर्ध्या-पाऊण तासाने चुकू शकतो, तेव्हा दिवस ठरवायला पंचांग आणि निघायची वेळ ठरवायला भारतीय सर्वेक्षण विभागाचं भरती-ओहोटीचं कोष्टक किंवा मोबाइलवरचं ॲप, जवळचं बंदर निवडून. आणि कोष्टकातली वेळ खाडीच्या मुखाची असते. दहा-पंधरा किलोमीटर आत गेलात की पाणी उशिरा फिरतं, कधी अर्धा तास, कधी तासाहून जास्त. हुशार होडीवाला मुखाशी सुरुवात करून ओहोटीबरोबर आत आत सरकतो आणि एकाच सुकतीचा गाभा लांबवून देतो.

होडीवाला म्हणाला, ‘सामान माझ्याकडे आहे.’ तरी स्वतःचं काय घ्यावं? माझ्याकडे बाजारात मिळणारा दुमडता रॉड आहे. (नाशिक)

दुमडता रॉड तळ्यावर न्या. खाडीत तांबोशी लागली की पहिल्या तीन सेकंदांत ती मुळांत परत जाते. त्या तीन सेकंदांत तिला थोपवायला रॉडच्या खालच्या निम्म्या भागात दम लागतो. दुमडत्या रॉडचे सांधे तिथेच फिरतात.

एकच संच घ्यायचा तर ७ फुटांचा, मध्यम-जड ताकदीचा, दोन तुकड्यांचा रॉड; ३००० किंवा ४००० आकाराचं स्पिनिंग रील; त्यावर २० ते ३० पौंडाची विणलेली दोरी, म्हणजे ब्रेड, दीडशे मीटर. ब्रेडच्या टोकाला, गळाच्या अलीकडे, मीटरभर जाड फ्लुरोकार्बन दोरी, म्हणजे लीडर : जिताड्यासाठी ३० ते ४० पौंड, तिवरांच्या कडेला तांबोशीसाठी ५०. लीडर दोन कारणांसाठी. मुळांवर आणि खडकांवर कालवं असतात, त्यांच्या कडा ब्रेडला पात्यासारख्या कापतात. आणि जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कडही धारदार असते. तो डोकं झटकतो तेव्हा बारीक दोरी तिथेच तुटते. मासा हाती आल्यावर कल्ल्यात बोटं घालू नका, याच कारणासाठी.

सगळ्यात जास्त मासे गाठीत सुटतात. ब्रेड गुळगुळीत असते; साधी गाठ तिच्यावर सरकते आणि सुटलेल्या टोकाला कुरळं वळण दिसतं. असं वळण दिसलं तर दोरी तुटली नाही, गाठ सुटली असं समजा. एफजी गाठ सर्वांत बारीक आणि मजबूत. ब्रेडचे लीडरवर आलटून-पालटून अठरा-वीस वेढे, थुंकी लावून करकचून आवळायचे, आवळल्यावर ब्रेडचा रंग गडद दिसायला हवा. हलत्या होडीत जमत नसेल तर डबल युनी : ब्रेडचे सहा वेढे, लीडरचे चार. घरी पन्नास वेळा बांधून बघा, होडीत शिकू नका.

रीलचा ड्रॅग, म्हणजे किती ओढीवर दोरी सुटावी ते ठरवणारा पेच, अंदाजाने लावू नका. सामान तोलायचा हातकाटा दोरीला अडकवून ओढा. २० पौंडाच्या दोरीला सव्वादोन ते तीन किलोवर दोरी सुटायला लागली पाहिजे. तिवरांच्या कडेला तीनकडे, मोकळ्या पात्रात सव्वादोनकडे. मासा लागल्यावर घाबरून ड्रॅग आवळणं ही नवख्याची ठरलेली चूक. त्या एका पिळात दोरी, गाठ किंवा गळ, यांतलं जे कच्चं असेल ते जातं.

कृत्रिम आमिषांत तीन पुरतात : मीटर-दीड मीटर बुडणारा ९ ते १२ सेंटिमीटरचा कडक लूर, म्हणजे खोटा मासा, शेपटी हलवणारा चार इंची मऊ मासा ७ ते १४ ग्रॅमच्या जिगवर, म्हणजे डोक्याला वजन असलेल्या गळावर, आणि झुंजूमुंजू वेळेला पाण्यावर खळबळ करणारा एक. लूरवरचे तीन-तीन टोकांचे गळ काढून एकेरी लावा, निदान काट्याचा उलटा दात पकडीने दाबून टाका. मासा सुटेल ही भीती खोटी असते. दोरी ताणलेली ठेवली तर सुटत नाही. तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या बोटातून मात्र गळ सहज निघतो.

जिवंत आमिषाला कोळंबीसारखं काही नाही. गळ डोक्यावरच्या काट्याखालून घाला, आत दिसणारा काळा ठिपका टाळून. ठिपक्यातून गेला की ती तिथेच मेली. बोय वापरत असाल तर ओठांतून, किंवा पाठीच्या पंखाच्या जरा पुढे. गळ गोल वळणाचा, ज्याला सर्कल हूक म्हणतात, ३/० ते ५/०. याला झटका द्यायचा नसतो. मासा घेऊन चालायला लागला की फक्त रील फिरवत दोरी ताणा. गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. ज्यांनी आयुष्यभर गरी झटक्याने ओढली त्यांना हे सर्वांत अवघड जातं.

कोळंबी मरायचं कारण बहुतेक वेळा उष्णता. बादली सावलीत, बॅटरीवरचा हवेचा पंप चालू, दर अर्ध्या तासाने एक तृतीयांश पाणी बदलायचं. सगळं पाणी एकदम बदलू नका, खारेपणात फरक पडतो. आदल्या रात्री होडीवाल्याला एकच विचारा, ‘पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकून कोळंबी काढणार की बाजारातली आणणार?’ बर्फातली असेल तर लूरवर भिस्त ठेवा.

ऑनलाइन ओळखीतून एकाने निम्मे पैसे आगाऊ मागितलेत. गाइड बरा की वाईट, हे आधी कसं ओळखावं? (ठाणे)

थोडा आगाऊ मागणं रास्त आहे. त्याला पेट्रोल आणि आमिष आधी घ्यावं लागतं. फोनवर दर विचारायच्या आधी तारीख सांगा आणि ‘किती वाजता निघायचं?’ एवढंच विचारा. जो ‘तुम्ही म्हणाल तेव्हा’ म्हणतो तो सहल विकतोय. जो ‘थांबा, पाणी बघतो’ म्हणतो त्याच्याशी पुढचं बोला.

पुढचं म्हणजे : दर होडीचा की माणशी, पेट्रोल, आमिष, सामान धरून का, वेळ जेटीपासून जेटीपर्यंत मोजणार की गळ पाण्यात असेल तेवढीच. गळ टाकणारे किती? अठरा-वीस फुटी फायबर होडीत दोघे बरे, तिसरा अडचण, चौथा असला तर एकाचा लूर दुसऱ्याच्या टोपीत. लाइफ जॅकेट किती आहेत, इंजिन बंद पडलं तर वल्हं आहे का, आणि व्हाळाच्या तोंडाशी होडी कशी थांबवता? इंजिन चालू ठेवून थांबवणाऱ्याला मासे मिळत नाहीत. उथळ पाण्यात आवाज चिखलातूनही पोचतो. शंभर मीटर अलीकडे इंजिन बंद, मग वल्हं किंवा बांबू, आणि नांगर दगडासारखा न फेकता हाताने सोडायचा. एवढं उत्तर नीट आलं की माणूस पाण्यावरचा आहे.

होडीवर ‘आयएनडी-एमएच’ने सुरू होणारा क्रमांक असतो, तो मासेमारी नौकेच्या नोंदणीचा. प्रवासी नेण्याची परवानगी ही वेगळी गोष्ट, ती महाराष्ट्र सागरी मंडळाकडून येते. दोन्ही विचारा. अपघात झाला तर विम्याचा प्रश्न याच कागदावर अडतो.

नऊ वर्षांच्या मुलीला नेणं बरं का? (कोल्हापूर)

न्या, पण जिताड्याच्या मागे नाही. तासभर लूर फेकूनही काही न लागणं मोठ्यांनाच जड जातं. होडीवाल्याला सांगा की खाडीच्या मुखाशी, वाळूच्या पट्ट्यावर, बारक्या माशांसाठी जायचंय. ६ किंवा ८ नंबरचा लहान गळ, ५ ते १० ग्रॅम शिसं, नखाएवढा कोळंबीचा तुकडा. वाळूवर मुडदुशी, दगडांच्या आणि जुन्या खांबांच्या आडोशाला काळुंदर. दोन तास पुरेत. तिसऱ्या तासाला तहान आणि उन्हाची कुरकुर सुरू होते.

लाइफ जॅकेट तिच्या मापाचं हवं. आत वजनाची पट्टी छापलेली असते ती वाचा आणि खांद्यांना धरून वर उचलून बघा. हनुवटीवर सरकलं तर पाण्यातही सरकणार. दोन पायांमधून जाणारा पट्टा असलेलं उत्तम. डोळ्यांवर गॉगल सक्तीचा, ऊन नसलं तरी, कारण मागे नेलेला गळ पुढे येताना शेजाऱ्याच्या चेहऱ्याच्या उंचीवरूनच येतो. पायांत बंद बूट.

आता शिंगाळ्याचं. त्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांवर एकेक असा तीन ठिकाणी ताठ, दातेरी काटा असतो. मुलांना तो आधी उचलावासा वाटतो, कारण त्याला मिशा असतात. मासा काढायचं काम होडीवाल्याचंच ठेवा, पकडीने. काटा टोचलाच, किंवा उथळ पाण्यात पाखटाच्या शेपटीचा दंश झाला, तर जखम धुऊन सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. उष्णतेने त्या विषाचा जोर कमी होतो, म्हणून बर्फ लावू नका. पाणी किती गरम ते आधी न टोचलेल्या हाताने तपासा; टोचलेला भाग बधिर असतो आणि भाजलेलं कळत नाही. थर्मासमध्ये गरम पाणी नेणं म्हणजे अर्धा दवाखाना बरोबर नेणं. मग डॉक्टर आणि धनुर्वाताचं इंजेक्शन, कारण काट्याचा तुकडा आत राहतो. गळ अंगात उलट्या दातापर्यंत रुतला असेल तर ओढू नका; डोळ्याजवळ असेल तर हातही लावू नका, वर पट्टी बांधून थेट दवाखाना.

आणि चिखलात कुणालाही उतरू देऊ नका. वरून घट्ट दिसणारा खाजणाचा चिखल मांडीपर्यंत घेतो. वाशिष्ठीच्या खाडीत मगरी आहेत, गोव्यात कुंभारजुव्याच्या कालव्यातही. तिथे होडीतून हात पाण्यात लोंबकळत ठेवायचीही गरज नाही.

तीन तासांत एकही मासा लागला नाही. पैसे परत मागणं योग्य आहे का? (मुंबई)

नाही. तुम्ही त्याचा वेळ, होडी आणि पाण्याची जाण घेतलीत. मासा त्याच्या मालकीचा नव्हता. तासभर उशिरा निघाला, इंजिन बंद पडलं, मेलेली कोळंबी दिली, तर मात्र बोला.

पुढच्या वेळी एक गोष्ट स्वतः बघा. पांढरा लूर हातभर खोल सोडा. तीस सेंटिमीटरवर दिसेनासा झाला तर पाणी लूरचं नाही. वासाचं आमिष घ्या, किंवा मुखाकडे स्वच्छ पाण्यात चला म्हणून सांगा. वरच्या अंगाला पाऊस पडून गेला असेल तर खाडीवर गोड्या पाण्याचा थर येतो आणि खारं पाणी खाली राहतं. वर फिरणारा लूर रिकाम्या पाण्यात फिरतो. जड जिग लावून तळाशी जा.

पावसाळ्यात खाडी शांत असते, मग तेव्हा जाता येतं का? (सातारा)

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्रातली मासेमारी बंद असते, महाराष्ट्रात आणि गोव्यातही. खाडीच्या आत लोक किनाऱ्यावरून गरी टाकतात, ते वेगळं. पण पर्यटकाने पुराच्या पाण्यात होडीत बसू नये. वाहून आलेलं अख्खं झाड अर्धं बुडून येतं आणि दिसत नाही. सप्टेंबर अखेरीपासून, पाणी निवळायला लागलं की या. नोव्हेंबरपर्यंत खाडीचा मुखाकडचा अर्धा भाग चांगला. मार्च ते मे खारं पाणी आतपर्यंत चढतं, तेव्हा आतल्या बाजूला. जानेवारीच्या थंड सकाळी जिताडा सुस्त असतो, लूर निम्म्या वेगाने फिरवा.

मासा ठेवावा की सोडावा? आमच्याकडे सोडणाऱ्याला हसतात. (सावंतवाडी)

हसू द्या, पण सगळेच सोडा असं आमचं म्हणणं नाही. रायगडात पाहुण्यापुढे जिताडा ठेवण्यात जी ऐट आहे, ती मासा सोडून कशी मिळणार! प्रश्न कोणता ठेवायचा इतकाच आहे. जिताडा आधी नर असतो आणि वाढल्यावर, साधारण ८० सेंटिमीटर ते मीटरभर लांबीच्या टप्प्यात, मादी होतो. म्हणजे फोटोतला तो सर्वांत मोठा मासा जवळजवळ नक्कीच अंड्यांची मादी. तो सोडा, जेवणाला मधल्या आकाराचा एक पुरतो, चवीलाही तोच बरा. बोटभर लांबीचे तर कुणीच ठेवू नयेत. राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकारमान ठरवून दिलं आहे; पापलेट-सुरमई-बांगडा त्यात येतात.

सोडायचा तर नीट सोडा. कोरडा टॉवेल, कोरडे हात, तापलेला फायबरचा तळ या तिन्हींनी अंगावरची बुळबुळीत साय जाते आणि मासा नंतर मरू शकतो. हात ओले करा, खालून पोटाला आधार द्या, जबड्याला धरून उभा लोंबकळवू नका. फोटोसाठी तुम्ही स्वतः श्वास रोखा. तुमचा श्वास संपला की त्याचाही वेळ संपला. मग ओढीकडे तोंड करून पाण्यात धरा. पुढे-मागे घुसळू नका, मागे ओढताना कल्ल्यांत उलटं पाणी जातं. शेपटीने हात झटकला की सोडा. गळ पोटात गेला असेल तर उपसू नका, दोरी तोंडाजवळ कापा.

मालवणला गेलात तर ध्यानात ठेवा : १९८७ मध्ये जाहीर झालेल्या सागरी अभयारण्याचा गाभा सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास आहे, तिथे गळ टाकायचा नाही. ‘काही होत नाही’ म्हणणारा गाइड त्या दिवसापुरता तुमचा असतो, दंड तुमच्या नावावर होतो. लूर अडकला म्हणून तिवराची फांदी कोयत्याने तोडणाऱ्यालाही थांबवा. कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे, आणि ज्या मुळांत मासा राहतो तीच तोडून पुढच्या वर्षी तिथे गळ टाकायला काय जाणार?

आम्ही ह्यूस्टनला राहतो. गॅल्व्हस्टनच्या दलदलीत गाइडबरोबर रेडफिशसाठी जाणार आहोत. कोकणातलं काही उपयोगी पडेल का? (ह्यूस्टन, टेक्सस)

गाठ, ड्रॅग आणि सर्कल हूक तेच. पंचांग मात्र घरी ठेवा. तिथला चढउतार जेमतेम हात-दीड हात, कित्येक दिवस तर चोवीस तासांत एकच भरती. पाणी हलवतो तो वारा. हिवाळ्यात थंड लाट आली की उत्तरेचा वारा खाडीतलं पाणी समुद्राकडे लोटतो आणि एका रात्रीत दलदल कोरडी पडते. मासे मग खोल चरांत गोळा होतात. दक्षिणेचा वारा दोन दिवस वाहिला की पाणी स्पार्टिना गवतात शिरतं आणि रेडफिश त्याच्या मागोमाग, खेकडे आणि कोळंबी खात. तेव्हा तारीख ठरवताना गाइडला वाऱ्याची दिशा विचारा.

तिवरं फारशी नसल्याने मासा मुळांत पळायची भीती कमी. तिथला शत्रू कालवांचे गालिचे. तिथली ठरलेली पद्धत म्हणजे पॉपिंग कॉर्क : खळखळ वाजणारा तरंगा, त्याच्याखाली अर्धा मीटर लीडर आणि कोळंबी किंवा जिग. दर दहा-वीस सेकंदांनी एक झटका. तो आवाज माशाला कुणीतरी जेवतंय असा वाटतो.

कागदपत्रांत घोळ होतो तो इथे : टेक्ससमध्ये गाइडचा परवाना तुम्हाला लागू होत नाही. १७ वर्षं पूर्ण झालेल्या जवळजवळ प्रत्येकाला स्वतःचा परवाना आणि त्यावर खाऱ्या पाण्याची जोड लागते. फ्लोरिडाला जाऊन आलेले मित्र ‘काही लागत नाही’ सांगतात, कारण तिथे चार्टर होडीचा परवाना पाहुण्यांनाही धरतो. रेडफिश २० ते २८ इंचांमधलेच, माणशी दिवसाला तीन. त्याहून मोठा ठेवायचा तर परवान्यासोबतचा टॅग लावावा लागतो. तोंड मिटून, शेपटी चिमटून मोजतात. नियम बदलत राहतात, निघायच्या आठवड्यात राज्याच्या वन्यजीव खात्याच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. दराच्या १५ ते २० टक्के बक्षिसी तिथे गृहीत असते. मासे साफ करून मिळतात, पण फक्त फिले. डोकं आणि काटा कालवणाला हवा असेल तर आधी सांगा, नाहीतर ते पेलिकनच्या पोटात.

खाडीतून आल्यावर रील धुऊन ठेवलं, महिन्याने फिरवलं तर करकर वाजतं. (पणजी)

जोराच्या नळाखाली धरलंत. त्या दाबाने मीठ आणि बारीक वाळू सांध्यांतून आत गेली. पुढच्या वेळी ड्रॅगची चावी आधी पुरी आवळा, म्हणजे पाणी चकत्यांत जाणार नाही. मग हलक्या शिंतोड्याने गोडं पाणी, रील पाण्यात बुडवायचं नाही. झटकून, पुसून, सावलीत रात्रभर. सुकल्यावर ड्रॅग पूर्ण सैल करा, नाहीतर चकत्या दबून चिकटतात आणि पुढचा मासा लागल्यावर दोरी हिसक्या-हिसक्याने सुटते. दोरी ज्यावरून वळते त्या लहान चाकाला आणि मुठीच्या सांध्याला तेलाचा एकेक थेंब.

आता करकर वाजतंय ते बहुधा त्या लहान चाकातलं बेअरिंग. बोटाने फिरवून बघा. अडखळलं तर तेवढंच बदला, सगळं रील उघडू नका. दोरीचे वरचे वीस मीटर कापडातून ओढून पाहा आणि जिथे खरखरीत लागेल तिथपर्यंत कापून टाका.